फ्लिपर चाकू : सहा सोप्या सल्ल्यांचा प्रतिवाद

घडीच्या फ्लिपर चाकूविषयीचा एक छोटासा मजकूर बराच काळ हातोहात पुढे पाठवला जात आहे. त्यात सहा गोष्टी सांगितल्या आहेत. पाते मनगटाच्या झटक्याने उघडावे. जड जात असेल तर बिजागरीचा स्क्रू सैल करावा. तरीही जड वाटल्यास सांध्यात टूथपेस्ट घालून शंभर-दोनशे वेळा उघडझाप करावी. पाते स्टेनलेस असेल तर गंजाची काळजी करू नये. मनाला बरे वाटावे म्हणून घरातले कोणतेही तेल किंवा डब्ल्यूडी-४० सढळ हाताने सोडावे. आणि गंज दिसलाच तर तारेच्या घासणीने खरवडून काढावा. यातल्या बहुतेक उपायांचा पहिल्या दिवशी थोडाफार गुण येतो, म्हणूनच मजकूर इतका पसरला असावा. माझा आक्षेप असा आहे की, हे सहाही सल्ले चाकू म्हणजे केवळ बाहेर दिसणारे पाते असे गृहीत धरतात. फ्लिपर उघडणे आणि फ्लिपर गंजणे या दोन्ही गोष्टी मुठीच्या आत, बिजागरीभोवतीच्या नाण्याएवढ्या जागेत ठरतात, आणि त्या जागेकडे पाहिले की सहापैकी एकही सल्ला जसाच्या तसा टिकत नाही.

पहिला सल्ला झटक्याचा. फ्लिपरच्या पात्याच्या बुंध्याला एक लहानशी जीभ असते आणि चाकू मिटलेला असताना ती मुठीच्या पाठीवर बाहेर डोकावते. तर्जनीने ती जीभ दाबायची, एवढेच हाताचे काम आहे; उरलेले काम डिटेंट, म्हणजे मिटलेले पाते अडवून धरणारा अडसर, करतो. लॉकच्या लवचीक पट्टीवर एक बारीक गोळी बसवलेली असते आणि पाते मिटले की ती बुंध्यातल्या छोट्या खळग्यात जाऊन बसते. जीभ दाबू लागल्यावर पाते लगेच हलत नाही, कारण गोळी त्याला अडवून धरते. त्या क्षणभरात बोटाचा जोर साठत जातो आणि गोळी खळग्यातून निसटताच साठलेला सगळा जोर एकदम पात्याला मिळून ते पुरते फिरते व लॉक होते. टिचकी मारताना आपण बोट अंगठ्याखाली अडकवून धरतो आणि मग सोडतो, त्यातलाच हा प्रकार आहे. अंगठ्याचा अडसर काढून टाकला तर त्याच बोटाने टिचकी बसत नाही.

म्हणून जीभ हळूहळू, चाचपत दाबली की पाते अर्ध्यावर लोंबकळते, आणि मग माणूस मनगटाचा झटका देऊन उरलेले अंतर भरून काढतो. झटक्याने पाते उघडते हे मला मान्य आहे. पण ज्या चुकीमुळे ते अर्ध्यावर थांबत होते, ती चूक त्याने झाकली जाते. शिवाय झटका देताना मुठीवरची पकड क्षणभर ढिली होते आणि हात पुढे फेकला जातो, म्हणजे उघडे टोक नेमके कुठे जाऊन थांबेल यावरचा ताबा ज्या क्षणी सर्वांत जास्त हवा, त्याच क्षणी तो सुटतो. दाबण्याची दिशाही पाहावी लागते. काही चाकूंची जीभ विजेचे बटण खाली ओढावे तशी मुठीच्या मागच्या टोकाकडे ओढावी लागते, तर काहींची दारावरची घंटा दाबावी तशी सरळ आत दाबावी लागते, आणि हे जिभेच्या आकारावर अवलंबून असते. दोन्ही दिशा चार-चार वेळा करून पाहिल्या की आपल्या चाकूला कोणती मानवते ते बोटाला आपोआप कळते.

चाकू जड उघडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण मात्र त्या मजकुरात कुठेच नाही. फ्रेम लॉकच्या चाकूत मुठीचीच एक बाजू कापून लॉकची पट्टी केलेली असते, आणि उजव्या हातात चाकू धरला की मधले बोट व अनामिका नेमकी त्या पट्टीवर टेकतात. पट्टी आत दाबली गेली की गोळी खळग्यात आणखी घट्ट रुतते, आणि मग एक बोट पाते उघडायला धडपडते तर बाकीची दोन त्याला अडवून धरतात. लायनर लॉकची पट्टी लायनरमध्ये, म्हणजे मुठीच्या आतल्या पातळ धातूच्या पत्र्यात, कापलेली आणि मुठीच्या आवरणाआड असते, म्हणून तिथे हा त्रास कमी होतो. चाकू बिघडला आहे असे वाटणाऱ्या कोणीही आधी ती दोन बोटे उचलून पट्टीच्या मागे, मुठीच्या कडेवर ठेवावीत आणि मग जीभ एका दमात दाबावी. ज्यांनी ज्यांनी मला आपला जड चाकू दाखवला, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांचे काम इथेच संपले. मिटवतानाही हीच जीभ उपयोगी पडते: अंगठ्याने लॉक सारून पाते थोडे वळवले की धारेच्या आधी जीभ अंगठ्यावर येऊन टेकते, आणि ती टेकली की अंगठा बाजूला घेऊन मगच उरलेले पाते मिटवायचे असते.

स्क्रूबद्दल थोडे मान्य करून पुढे जातो. नव्या चाकूचा बिजागरीचा स्क्रू कधीकधी खरोखरच वाजवीपेक्षा जास्त आवळलेला असतो, आणि बेअरिंगच्या चाकूत, म्हणजे ज्यात पाते वॉशरच्या सपाट चकत्यांऐवजी बारीक गोळ्यांवर फिरते त्यात, असे आवळणे घातक असते, कारण त्या गोळ्या मुठीच्या मऊ टायटॅनियमवर खळगे पाडू शकतात. अशा वेळी स्क्रू एका फेऱ्याच्या आठव्या भागाइतका सैल करणे योग्यच आहे. परंतु मजकुरात म्हटल्याप्रमाणे पाते आपोआप खाली पडेपर्यंत स्क्रू सैल करत गेलो, तर डिटेंटचा अडसर तसाच राहतो आणि वर पाते डावी-उजवीकडे डुलू लागते. डुलणारे पाते मिटताना मधोमध येत नाही, धार आतल्या लायनरला घासते आणि लॉकची पट्टी बुंध्यावर ठरलेल्या जागी टेकत नाही. पाते उघडून टोकाशी चिमटीत धरावे आणि हलकेच बाजूला हलवून पाहावे; हालचाल जाणवली तर स्क्रू सैल आहे, मग पाते कितीही सुळकन उघडो. जुळवणी मनासारखी झाली की स्क्रूच्या आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, बारीकसा थेंब लावावा, म्हणजे उघडझापीने ती पुन्हा हलत नाही.

टूथपेस्टच्या सल्ल्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. तिच्यात घासणारी पूड असते. वॉशर गुळगुळीत करता करता ती डिटेंटच्या खळग्याची कडही घासते, आणि ती कड बोथट झाली की गोळी आधीच निसटते व साठलेला जोरच उरत नाही. त्यातले पाणी सांध्यात मागे राहते ते वेगळेच. नवा चाकू रुळायला नुसती कोरडी उघडझाप पुरते.

आता ज्या सल्ल्याने सर्वांत जास्त नुकसान होते, त्याकडे वळू: स्टेनलेसला गंज लागत नाही. ‘गंजरोधक’ या मराठी शब्दात खरे तर पुरेशी सावधगिरी आहे, कारण रोध म्हणजे अडवणे. १९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचे पोलाद ओतले, तेव्हापासून तत्त्व तेच आहे: क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा बसतो, आणि तो ओरखडला गेला तरी ऑक्सिजन मिळताच पुन्हा जुळतो. यासाठी किमान १०.५ टक्के क्रोमियम लागते असे मानले जाते. पण चाकूच्या पोलादाला धार टिकवण्यासाठी कार्बनही हवा असतो, आणि कार्बन क्रोमियमला आपल्याकडे ओढून कठीण कार्बाइड बनवतो. कार्बाइडमध्ये अडकलेले क्रोमियम पापुद्र्याच्या कामाचे राहत नाही.

डी२ हे पोलाद याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात क्रोमियम सुमारे १२ टक्के असते, म्हणजे वरची अट कागदावर पूर्ण होते. पण कार्बनही दीड टक्क्याच्या आसपास असल्यामुळे त्या क्रोमियमचा मोठा भाग कार्बाइडमध्ये जातो आणि घामट खिशात या पात्यावर तांबूस ठिपके दिसू लागतात. १४सी२८एन या पोलादात क्रोमियम सुमारे १४ टक्के, म्हणजे फक्त दोनच टक्के अधिक असते. मात्र कार्बन ०.६२ टक्के असतो आणि थोडा नायट्रोजन मिसळलेला असतो, त्यामुळे तेच पाते त्याच खिशात बराच काळ स्वच्छ राहते. पात्यावर कोरलेल्या एका शब्दावरून किंवा क्रोमियमच्या एका आकड्यावरून गंजाचा अंदाज बांधता येत नाही, तो यामुळेच. काळ्या लेपाच्या पात्यांनाही हे लागू आहे, कारण पहिल्यांदा धार लावली की धारेवरचा लेप निघून जातो, आणि गंजाने पहिली बोथट होते ती धारच.

पाते गंजले नाही म्हणजे चाकू गंजला नाही असेही नाही. माझ्या एका फ्लिपरचे पाते मी रोज संध्याकाळी पुसत असे आणि त्यावर एक ठिपकाही नव्हता. काही महिन्यांनी उघडताना बारीक करकर येऊ लागली, म्हणून स्क्रू काढून दोन्ही बाजू वेगळ्या केल्या, तर वॉशरच्या खाली, बुंध्यावर, बांगडीसारखे तपकिरी कडे उमटलेले होते, आणि डिटेंटच्या खळग्यात सुईच्या टोकाने काढता येईल एवढा लाल चिखल साचला होता. घामातले मीठ, म्हणजे त्यातला क्लोराइड, पापुद्र्याला भोके पाडतो. उघड्या पात्यावर ती भोके हवेतल्या ऑक्सिजनने भरून निघतात, पण वॉशरखालच्या फटीत अडकलेल्या घामाला ताजी हवा मिळत नाही, त्यामुळे तिथला पापुद्रा जुळतच नाही. शिवाय आतले सगळे भाग पात्याच्याच पोलादाचे नसतात. साध्या बेअरिंगच्या पोलादात क्रोमियम जेमतेम दीड टक्का असते, आणि अशा गोळ्या पात्याच्या कितीतरी आधी गंजतात. सिरॅमिकच्या गोळ्या गंजत नाहीत, पण त्या ज्या पृष्ठभागावर फिरतात तो गंजू शकतो.

यावर उपाय म्हणून मजकुरात तेल सांगितले आहे, आणि तेल हवेच. प्रश्न कोणते आणि किती याचा आहे. स्वयंपाकाची बहुतेक तेले हवेत राहून हळूहळू घट्ट होतात. तेलाच्या बाटलीच्या गळ्यावर जो चिकट, पिवळसर थर बसतो आणि नखाने खरवडावा लागतो, तोच थर काही महिन्यांनी वॉशरवर बसतो, आणि मग जड उघडते म्हणून माणूस पुन्हा स्क्रूकडे वळतो. डब्ल्यूडी-४० बद्दल न्यायाने बोलायला हवे. १९५३ साली ते तयार झाले तेच पाणी हटवण्यासाठी, चाळिसाव्या प्रयत्नात, आणि नावातही तेच आहे: डब्ल्यूडी म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, पाणी हटवणे. भिजलेल्या चाकूच्या सांध्यातले पाणी बाहेर ढकलायला ते चांगलेच आहे. मात्र त्यातला मोठा भाग उडून जाणारे द्रावक असतो. ते आत असलेले ग्रीस धुऊन नेते आणि मागे फार पातळ थर ठेवते, म्हणून त्याच्यानंतर खरे तेल घालावे लागते. मजकूर जिथे थांबतो, तिथे काम अर्धेच झालेले असते.

शिलाई मशीनला घालतात तसले हलके, पातळ खनिज तेल पुरेसे आहे; चाकूने खाद्यपदार्थ कापायचे असतील तर खाद्य प्रतीचे खनिज तेल घ्यावे. बिजागरीच्या दोन्ही बाजूंना सुईच्या टोकावरून एकेक थेंब सोडावा, पाते दहा-बारा वेळा उघडझाप करावे आणि बाहेर आलेले तेल पुसून टाकावे. पात्यावर तेलाचा बोळा एकदा फिरवून मग कोरड्या कापडाने जवळजवळ सगळे पुसावे. बोटाला जेमतेम निसरडे लागेल एवढाच थर हवा. लॉकची पट्टी बुंध्यावर जिथे टेकते ती जागा कोरडीच ठेवावी, कारण त्या जागेचे काम घसरण्याचे नसून धरून ठेवण्याचे आहे. सढळ हाताने सोडलेले तेल खिशातला कापसाचा भुगा आणि धूळ गोळा करते, तो लगदा ओल धरून ठेवतो, आणि ज्या गंजासाठी तेल घातले त्याच गंजाला आत बिऱ्हाड मिळते. चाकू मिठाच्या पाण्यात किंवा फार घामात भिजला असेल तर तेलाच्याही आधी साध्या पाण्याने धुणे, उघडा ठेवून पुरता वाळवणे आणि फटीत जोराने फुंकणे आवश्यक आहे, कारण तेल मिठावर बसले तर मीठ तेलाखाली आपले काम करतच राहते.

राहिली तारेची घासणी. वरवरचा लालसर डाग खनिज तेल आणि खरबरीत कापड यांनी, किंवा फार तर नरम पितळी ब्रशने निघतो. साध्या लोखंडी तारेच्या घासणीने तो अधिक लवकर निघतो हे खरे, पण घासताना तिचे लोखंडी कण स्टेनलेसच्या पृष्ठभागात रुतून बसतात आणि त्या कणांवर क्रोमियमचा पापुद्रा नसतो. दोन-तीन दिवसांनी, पूर्वी जिथे डाग नव्हता अशा ठिकाणीही, घासल्याच्या रेघांच्या दिशेने बारीक तांबडे ठिपके उमटतात. ते पात्याचे नसतात, घासणीचे असतात.