बाजारातला आकडा फसवतो

रानमांसावरचा, म्हणजे शिकार केलेल्या रानजनावरांच्या मांसावरचा, लेख आवडला, पण त्यातलं 'बाजारात येणाऱ्या रानमांसाची नीट नोंद ठेवली की शिकारीवर लगाम बसेल' हे काही पटलं नाही. पश्चिम आफ्रिकेत घानातल्या ताकोराडी शहराचं उदाहरण घ्या. तिथला बाजार अभ्यासणाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलं की तेव्हाचा पुरवठा टिकाऊ वाटतो खरा, पण तो सावकाश वाढणारी जनावरं आधीच संपून गेल्यावरचा आहे. उरली ती भराभर पिलावणारी. त्यात शेताच्या कडेला राहणारा, चांगला तीन-चार किलोंचा केन रॅट (घुशीसारखा एक मोठा कुरतडणारा प्राणी) आलाच. म्हणजे वहीत सगळं आलबेल आणि रान रिकामं! आपल्याकडे होडी दुप्पट लांब जाऊन तेवढीच मासळी आणते, तेव्हा धक्क्यावर बसून मासळी मोजणाऱ्याचं हेच होतं.

म्हणून नुसते किलो लिहू नका, मेहनतही लिहा. फास किती, किती रात्री लावले, गावापासून किती लांब, लागलं ते नर की मादी, पिल्लू की मोठं. आणि तारेच्या फासात अडकून जे तिथंच सडतं, किंवा पाय तुटून पळतं, ते कुठल्याच बाजारात दिसत नाही. ते फक्त शिकाऱ्यालाच ठाऊक.

पण तो का सांगेल? आज नोंद दिली आणि उद्या त्याच वहीवरून वनरक्षक दारात उभा राहिला, तर परवापासून खोटे आकडे येणार. शहरातल्या हॉटेलांकडे जाणारा माल आणि गावातल्या चुलीवर शिजणारं मांस यांना एकच नियम लावला तर तेच होईल. लेखात यावर एक ओळही नाही.