जुन्या घाटाचं एअर पिस्तूल आणि ‘खेळणंच आहे हो ते’

माउझर सी-९६ किंवा ल्युगर पी-०८ या जुन्या जर्मन पिस्तुलांसारखी हुबेहूब दिसणारी, सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) छोट्या कुपीवर चालणारी एअर पिस्तुलं हल्ली हौशी मंडळींच्या कपाटात दिसू लागली आहेत. त्यांच्याबरोबर एक मजकूरही ग्रुपाग्रुपांवर फिरतो. सार असं: हे खेळणं आहे, लायसन लागत नाही; मॉडेल जुनं, म्हणजे अँटिकमध्येच मोडतं; तेव्हा आतले भाग बदला, ताकद दुप्पट करा, कोणी विचारणार नाही. यातलं लायसनचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीचं त्याच्या आधाराने खपून जातं.

आधी ते अर्धं. शस्त्र नियम २०१६प्रमाणे ४.५ मिलिमीटर व्यासाच्या नळीचं आणि २० जूलच्या (जूल म्हणजे ऊर्जेचं एकक) मर्यादेतलं हवाई शस्त्र परवान्याशिवाय ठेवता येतं. पण म्हणून ते कायद्याला खेळणं वाटत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यातली अग्निशस्त्राची व्याख्या बारूदापाशी थांबत नाही. दुसऱ्या कोणत्याही ऊर्जेने गोळी फेकणारी वस्तूही तिच्यात येते. दाबलेला वायू ही तीच दुसरी ऊर्जा. वस्तू शस्त्रच राहते, सवलत परवान्यापुरती आहे, आणि तीही नळी आणि ऊर्जा या दोन अटींवर.

अँटिकचा मुद्दा तर निव्वळ गंमत आहे. कायद्याचं कलम ४५ कालबाह्य किंवा पुराणवस्तूचं मोल असलेली शस्त्रं वगळतं खरं, पण दुरुस्ती करून किंवा न करता, कशाही प्रकारे ती अग्निशस्त्र म्हणून वापरता येत नसतील तरच. तुमचं पिस्तूल कालपरवा तैवानात ओतलेलं आहे. त्याला १८९६च्या माउझरचा आकार दिला म्हणून त्याचं वय १८९६पासून मोजत नाहीत. शिवाय ते व्यवस्थित चालतं. त्याचेच तर पैसे मोजलेत.

आता ताकद. इथे थोडं गणित करू, कारण मजकूर लिहिणाऱ्याने ते केलेलं दिसत नाही. ४.५ मिलिमीटरच्या पोलादी छर्ऱ्याचं वजन साधारण ०.३४ ग्रॅम. अशा पिस्तुलातून तो सेकंदाला १२० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो, म्हणजे ऊर्जा अडीच जूलच्या आत-बाहेर. हाच छर्रा २० जूलवर न्यायचा तर वेग ३४० मीटरच्या पुढे, आवाजाच्या वेगाला भिडणारा हवा. आखूड नळी आणि एका कुपीतल्या वायूकडून ते होणं नाही. दुप्पट केली तरी पाच जूल, आणि ऊर्जेपुरतं बोलायचं तर त्याने कायदा मोडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मिळवलंत काय? ऑलिंपिकचं दहा मीटरचं एअर पिस्तूलही पाच-सहा जूलचंच असतं. मनू भाकरने २०२४ साली पॅरिसमध्ये तसल्याच पिस्तुलावर पदक घेतलं. तिथे नळीला आतून आटे, म्हणजे छर्ऱ्याला फिरकी देणाऱ्या पीळदार खाचा असतात, छर्रा मऊ शिशाचा असतो. तुमची नळी गुळगुळीत, छर्रा गोल आणि पोलादी. ताकद वाढवून नेम सुधारत नाही. छर्रा फरशीवर किंवा लोखंडी गजावर आपटून तुमच्याकडेच परत येतो, एवढं मात्र नक्की. डोळा जायला मूळचे अडीच जूलही पुरतात, तेव्हा नेमबाजी करताना संरक्षक चष्मा विसरू नका.

त्यात आपला उन्हाळा. सीओटूचा दाब २० अंशांना सुमारे ५७ बार (बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढं एकक) असतो आणि ३१ अंशांपर्यंत ७४ बारवर जातो. त्यापुढे कुपीतला द्रव द्रवच राहत नाही. नागपूरच्या मे महिन्यात गाडीत ठेवलेल्या कुपीचा विचार करा. दाब असा चढला की कारखान्यातून आलेली झडपसुद्धा कधीकधी घोड्याच्या फटक्याने उघडत नाही. घरी छेडछाड केलेल्या झडपेचं सील फाटलं तर सगळा वायू एकदम, हात गोठवत बाहेर येतो.

‘कोणी विचारणार नाही’ हे सगळ्यात धोक्याचं. कलम ६ प्रमाणे नकली शस्त्राचं अग्निशस्त्रात रूपांतर परवान्याशिवाय करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने एका वर्गातलं अग्निशस्त्र दुसऱ्या वर्गात नेणंही त्यातच आणलं. मोठी नळी बसवणं किंवा काडतूस उडेल अशी सोय करणं या टोकाला गेलात, तर शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. ‘छंद होता’ हे तिथे उत्तर होत नाही.

आणि लोक विचारतात ते जूल पाहून नाही, आकार पाहून. २०१४ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला बारा वर्षांच्या तामिर राइसच्या हातात एअरसॉफ्ट पिस्तूल, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे उडवणारी नक्कल होती, ती खोटी असल्याची खूण म्हणून असणारं नारिंगी टोक नसलेली. पोलिसाने गोळी घातली. असली वस्तू कमरेला खोचून फिरायची नसते. बंद पेटीत, रिकामी न्यायची.

बदल करायचेच तर बाहेरून करा, तिथे भरपूर वाव आहे. प्लास्टिकच्या जागी शिसवी लाकडाची मूठ लावली की अर्धं काम झालं. फक्त पोलादाला निळसर-काळी झाक देणारं रसायन आणू नका. अंग जस्ताच्या मिश्रधातूचं असल्याने झाक चढत नाही, डाग पडतात. रंग खरवडलात तर खाली पोलाद नव्हे, फिकट राखाडी जस्त दिसेल. त्यापेक्षा काळ्या रंगावरच पेन्सिलीच्या ग्रॅफाइटची पूड कडांना बोटाने चोळा.