आधी बॅच नंबर बघा

'रिकॉलची बातमी आली की ते औषध लगेच बंद करा' असा सल्ला एका लेखात दिलाय, तो सरसकट लागू करू नका. रिकॉल, म्हणजे सदोष औषध बाजारातून परत मागवणं, बहुतेक वेळा ठरावीक बॅचेसपुरता असतो. नाव, मिलिग्रॅम, कंपनी आणि बॅच नंबर, चारही जुळले तरच तुमचं औषध त्यात. गोळ्यांच्या पट्टीवर हा नंबर बहुधा एका टोकाला असतो आणि नेमकं तेच टोक आधी कापलं जातं. गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढा.

२०१८ साली व्हल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए हा कर्करोगाचा धोका वाढवू शकणारा अशुद्ध घटक सापडला, तेव्हाही पर्यायी गोळी मिळेपर्यंत औषध अचानक थांबवू नका असंच नियामकांनी सांगितलं होतं. धोका वर्षानुवर्षं घेण्याचा होता, एका गोळीचा नव्हे.

सिरपचं मात्र बरोबर उलट. तिथे शंका आली तरी थेंबही देऊ नका. तिथे भीती डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाची: गोडसर, रंगहीन, जवळपास बिनवासाचं. सिरपसाठी लागणाऱ्या ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉलच्या पिंपात मिसळलेलं चवीने कळतच नाही. त्याची मर्यादा ०.१ टक्के, आणि ती प्रयोगशाळेत, सहसा गॅस क्रोमॅटोग्राफी या चाचणीने, तपासावी लागते, तीही प्रत्येक पिंपातून वेगळा नमुना घेऊन. पुरवठादाराच्या सर्टिफिकेटवर विसंबून हीच पायरी गाळली जाते (वाचतो तो थोडासा खर्च!). विषबाधा झाली तर सुरुवातीला उलट्या, पोटदुखी, मग लघवी कमी होते किंवा थांबते. मूल लघवीच करत नसेल तर थेट दवाखाना गाठा, आणि बाटली ओतून न देता झाकण लावून सोबत न्या.