‘जास्तीचं सेलेनियम लघवीवाटे निघून जातं’ म्हणे!

आत्याला थायरॉइड आहे हे कळल्यापासून तिच्या फोनवर जगभरचे उतारे येऊन पडतात. परवाचा त्यातलाच, सेलेनियम या खनिजावरचा: ‘सेलेनियम पाण्यात विरघळतं, जास्तीचं किडनी बाहेर टाकते, म्हणून कितीही घ्या, धोका शून्य. रोज आठ-दहा ब्राझील नट खा. श्वासाला लसणाचा वास आला, थोडे केस गळले तर घाबरू नका, साचलेलं विष बाहेर पडतंय.’ शेवटी थायरॉइड, कॅन्सर आणि क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) तिन्हींवर रामबाण असल्याची ग्वाही. आत्या डबा मागवून मोकळी झाली, म्हणून हे लिहावं लागतंय.

किडनीचं आधी, कारण तिथे अर्धं खरं आहे, मान्य करते. शरीरातून सेलेनियम जातं ते मुख्यतः लघवीवाटेच. यकृत त्याला साखरेच्या रेणूला जोडतं आणि ही ‘सेलेनोशुगर’ किडनी बाहेर काढते. जपानी संशोधकांनी 2002 मध्ये हे दाखवून दिलं. रोजच्या जेवणातलं कमी-जास्त या वाटेने खरंच सांभाळलं जातं. पण ‘कितीही’ कुठून आलं? ब्राझील नटातलं सेलेनियम बहुतांशी सेलेनोमेथिओनिनच्या रूपात असतं. शरीराला ते मेथिओनिन या प्रथिनं बांधणाऱ्या नेहमीच्या अमिनो आम्लासारखंच वाटतं, म्हणून ते स्नायूंच्या प्रथिनांत बसवून टाकलं जातं आणि तिथे महिनोन्महिने मुक्काम ठोकतं. आज खाल्लं, उद्या सकाळी गेलं, असा हिशेब नाही.

आता आकडे बघा. एका ब्राझील नटात साधारण 68 ते 91 मायक्रोग्रॅम सेलेनियम असतं. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाची रोजची गरज 40 मायक्रोग्रॅम. रोज घेण्याची कमाल मर्यादा अमेरिकेत 400, युरोपने तर 2023 मध्ये ती 255 वर आणली. आठ-दहा नट म्हणजे साडेपाचशे ते नऊशे! तेही रोज.

पण माझं डोकं फिरलं ते लसणाच्या वासावर. हा वास डायमिथाइल सेलेनाइड नावाच्या वायूचा. साखरेची वाट अपुरी पडायला लागली की शरीर सेलेनियमचा वायू करून तो फुप्फुसांवाटे सोडतं. ‘बाहेर पडतंय’ हे त्या अर्थाने खरंच आहे. पण गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोमधून पाणी पडायला लागलं की आपण मोटर बंद करायला धावतो, की टाकी स्वच्छ होतेय म्हणून आणखी पाणी चढवतो? विषबाधेची खूण दिसली की मात्रा चालू ठेवा, असं हा मेसेज सांगतोय.

केसांचंही तेच. 2008 मध्ये अमेरिकेत एका पातळ सप्लिमेंटमध्ये चुकून लेबलवरच्या 200 पट सेलेनियम पडलं. 10 राज्यांत 201 जणांना बाधा झाली आणि 2010 मध्ये त्याचा सविस्तर अहवाल छापून आला. 78 टक्के लोकांना जुलाब, 72 टक्क्यांचे केस गेले, 61 टक्क्यांची नखं रंग बदलून ठिसूळ झाली. तपासलेल्या रुग्णांच्या रक्तात सेलेनियम सरासरी 751 मायक्रोग्रॅम प्रतिलिटर होतं. 125 च्या आत हवं. नखांचा त्रास तर अनेकांना तीन महिने उलटल्यावरही होता. या 201 जणांच्या किडन्या काय रजेवर होत्या? त्यांनी प्यायलेली मात्रा ब्राझील नटांच्या कितीतरी पट होती, हे खरं. पण किडनी ‘कितीही’ काढून टाकते, हा दावा तिथेच निकालात निघाला.

एवढ्या लांब तरी कशाला जायचं? डिसेंबर 2024 - जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांना दोन-चार दिवसांत टक्कल पडत होतं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी बाधितांचे नमुने तपासून घेतले. त्यांच्या अहवालाप्रमाणे रक्तात सेलेनियम नेहमीच्या 35 पट, लघवीत 60 पट आणि केसांत 150 पट. दोष रेशनच्या गव्हाचा की आणखी कशाचा, यावर वाद झाला. पण लघवीचा आकडा पुन्हा वाचा: किडनी सेलेनियम उपसत होती आणि तरीही केस जात होते.

उरलेलं पटापट. थायरॉइडला सेलेनियम लागतं, त्यातलं एक महत्त्वाचं एन्झाइम त्याच्यावर चालतं. पण म्हणून सकाळची गोळी बंद करायची नसते. कॅन्सर? 35,000 हून जास्त पुरुषांना घेऊन झालेल्या ‘सिलेक्ट’ चाचणीत रोज 200 मायक्रोग्रॅम सेलेनियम घेऊनही प्रोस्टेटचा कॅन्सर कमी झाला नाही. क्रिएटिनिनचं तर काही बोलूच नका. किडनीच्या पेशंटने असले प्रयोग मुळीच करू नयेत.

कोणी आधीच हे सुरू केलं असेल आणि श्वासाला वास, नखांवर पांढरे पट्टे, कंगव्यात पुंजके दिसत असतील, तर नट आजच बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. याला उतारा म्हणून वेगळं औषध नाही, घेणं थांबवणं हाच इलाज. जाताना मल्टिव्हिटॅमिनची बाटलीही सोबत न्या; तिच्यातही बऱ्याचदा सेलेनियम असतं आणि ते याच हिशेबात धरायचं असतं.