ती यज्ञकुंडं नाहीत, आणि घायपाताचा रस पिऊ नका

काल आत्याचा फोन. “बांधावरच्या घायपाताचा रस उपाशीपोटी घेतला की साखर उतरते म्हणे. घेऊ का रे?” मग तिला आलेला मेसेज वाचला. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात यज्ञकुंडं सापडली, शेजारचे दगडांचे ढीग म्हणजे ऋषींच्या समाध्या, घायपात मूळचा आपलाच, आणि तिथले लोक तो कच्चा खाऊन मधुमेहापासून दूर राहत.

आधी रसाचं, कारण त्यात इजा आहे. कच्च्या घायपातात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. रस नुसता हाताला लागला तरी आग होते, पुरळ उठतं. तो घशाखाली उतरवायला सांगता? तिथले लोक भाजूनच खात, मेसेजात यज्ञकुंडं म्हटलेले ते खड्डे त्यासाठीच. तळाशी जाळ करून दगड तापवायचे, पानं छाटलेले गड्डे त्यावर रचायचे, वरून माती लोटायची आणि दीड-दोन दिवस थांबायचं. त्या धगीने गड्ड्यातलं इन्युलिन, म्हणजे साखरेच्या कणांची लांब साखळी, फुटून फ्रुक्टोज होतं. म्हणजे साखरच! मधुमेहाच्या माणसाला हे औषध म्हणून पाठवताना हात कसा धजावतो? खड्ड्यांत मिळतात ते तडकलेले दगड, कोळसा आणि घायपाताचे जळके तुकडे.

समाध्यांचं म्हणाल, तर ॲरिझोनातल्या टूसॉन शहराच्या उत्तरेला मराना भागात सुझन फिश, पॉल फिश या पुरातत्त्वज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी माळ पायी तुडवून पाहणी केली. त्यांच्या अंदाजाने तिथे असे सुमारे ४२ हजार ढीग आहेत, बहुतेक इ.स. ११५० ते १३०० या काळातले. होहोकाम या तिथल्या प्राचीन समाजातल्या शेतकऱ्यांनी दगडांत घायपाताची रोपं लावली, कारण दगडांखाली ओल टिकते आणि उंदरांना मुळं कुरतडता येत नाहीत. त्याच शेतांत पानं छाटायची चपटी दगडी पाती सापडली. समाधीपाशी ती कशाला असतील?

घायपात अमेरिकेतलाच, युरोपीय व्यापाराच्या काळात इकडे आला.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. त्या माळावर कालव्याच्या पाण्याशिवाय मोठी शेती झाली, हे मेसेजात लिहिलंय ते खरं. पण ती होहोकामांची, ज्यांना आजचे ओओडम लोक आपले पूर्वज मानतात. ती त्यांच्याकडून काढून आपल्या नावावर का चढवायची? त्यांनी जोपासलेली मर्फी जातीच्या घायपाताची झाडं अजूनही जुन्या वस्त्यांजवळ उभी आहेत, फुलांच्या दांड्यावरच्या पिल्लांतून वाढत.