दोन ओळी बदलल्या, पंधराशे दोष निघाले

पुल रिक्वेस्टमध्ये (म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या, या विनंतीत) दोन ओळी बदलाव्यात आणि तो बदल आपोआप तपासणाऱ्या पाइपलाइनने येऊन सांगावं की एकूण पंधराशे दोष सापडले, यासारखा चारचौघांतला अपमान नाही. त्यातले बहुतेक दोष अशा लोकांचे असतात, जे केव्हाच नोकरी सोडून गेले किंवा बढती मिळाल्यापासून फक्त आर्किटेक्चरवर बोलतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली सी भाषेसाठी लिंट, म्हणजे कोड न चालवता त्यातले दोष शोधणारा प्रोग्राम, लिहिलं, तेव्हा ते बिचारं ज्याने चालवलं त्याच्याच टर्मिनलवर, खाजगीत कुजबुजायचं. त्याच्या हाती माइक आपणच दिला.

लिंटचे दोष आपोआप पुल रिक्वेस्टवर दाखवायचं काम वरवर बघता एका दुपारचं वाटतं. लिंटर (लिंटसारखा तपासनीस) चालवायचा, निकाल जेसन या मजकूर-स्वरूपात घ्यायचा, पुल रिक्वेस्टवर टाकायचा. पहिला फटका लगेच बसतो. दोष सापडले की लिंटरची स्टेप लाल होते, जॉब तिथेच थांबतो आणि रिपोर्ट टाकायची पुढची स्टेप चालतच नाही. म्हणजे रिपोर्ट येतो कधी? सांगण्यासारखं काही नसतं तेव्हा! उपाय साधा आहे: रिपोर्टच्या स्टेपला अट घालायची की जॉब रद्द झालेला नसेल, तर आधी काहीही झालेलं असो, तू चाल. पण घाईत कोणीतरी भलताच उपाय करतं आणि लिंटरचा आउटपुट पाइपने ‘टी’ कमांडकडे ढकलतं (ती आउटपुट दाखवते आणि फाइलीतही लिहिते). आता एक्झिट कोड (कमांड यशस्वी झाली की नाही ते सांगणारा आकडा) मोजला जातो पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा, आणि ‘टी’ची कशाबद्दलच तक्रार नसते. सगळं हिरवंगार. यातली गिटहब ॲक्शन्सची (गिटहबवर अशी पाइपलाइन चालवणाऱ्या सेवेची) खोच मला फार आवडते. लिनक्स रनरवर (जॉब चालवणाऱ्या मशीनवर) शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, कोणता ते सांगितलंच नाही, तरी बॅशच चालतो, पण पाइपफेलशिवाय, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड फसली तर सगळंच फसलं असं मानणाऱ्या सेटिंगशिवाय. ‘शेल: बॅश’ असं स्वतः लिहिलं तरच पाइपफेल लागतो. तोच बॅश; पण नाव घेऊन बोलावल्याशिवाय शिस्तीत वागणार नाही.

ईएसलिंट या जावास्क्रिप्टच्या लिंटरचा एक्झिट कोड १ म्हणजे कोडमध्ये दोष सापडले. २ म्हणजे कॉन्फिग (सेटिंगची फाइल) बिघडलं किंवा लिंटर स्वतःच कोसळला. फुली दोन्हीकडे तितकीच लाल. त्यामुळे प्लगइन इन्स्टॉल झालेलं नसतं आणि माणूस तासभर स्वतःच्या सेमिकोलनांकडे संशयाने बघत बसतो. रिपोर्टमध्ये या दोघांसाठी वेगळी वाक्यं लिहावीत, एवढी माणुसकी दाखवायला फार कोड लागत नाही. नुसत्या वॉर्निंग असतील तर कोड ० येतो, म्हणजे त्या अनंत काळापर्यंत साचत राहतात. वॉर्निंगची कमाल मर्यादा शून्य ठेवणारा फ्लॅग त्यासाठीच आहे. साचू द्यायच्याच असतील तर नियम बंद करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ते पंधराशे. फक्त बदललेल्या फाइली तपासायच्या म्हणून मुख्य ब्रँचशी तीन टिंबांचा गिट डिफ (दोन ब्रँच जिथून फुटल्या तिथपासूनचे बदल) घ्यावा, तर गिट म्हणतं मर्ज बेस, म्हणजे तो फुटण्याचा बिंदू, सापडत नाही. सापडणार कुठून? रनरवर कोड आणणारी चेकआउट ॲक्शन डीफॉल्टने एकच कमिट (बदलाची एक नोंद) आणते. फेच-डेप्थ ० केली की पूर्ण इतिहास येतो. डिफमधून डिलीट झालेल्या फाइली गाळायच्याही राहून जातात. मग लिंटर नसलेली फाइल शोधत फिरतो आणि ती सापडत नाही म्हणून आपल्यावरच डाफरतो. इतकं करूनही जुन्या फाइलीत एक ओळ बदलली की त्या फाइलीचं सगळं पूर्वसंचित आपल्या माथी येतं. म्हणून गाळणी फाइलीची नको, ओळींची हवी. लिंटरचे निकाल पुल रिक्वेस्टवर दाखवणाऱ्या रिव्ह्यूडॉगचा ‘ॲडेड’ फिल्टर नेमकं हेच करतो. मात्र एका फाइलीतला एक्सपोर्ट काढला आणि दुसऱ्या फाइलीतला इम्पोर्ट मोडला, तर दोष न बदललेल्या ओळीवर येतो आणि गाळणीतून निसटतो. तेव्हा मुख्य ब्रँचवर अख्खी तपासणी वेगळी ठेवायलाच हवी.

मर्यादांचंही भान ठेवावं लागतं. लॉगमधून ॲनोटेशन (कोडच्या ओळीशेजारी दिसणारे शेरे) छापले तर एका स्टेपला १० एरर आणि १० वॉर्निंग एवढेच दिसतात. बाकीचे निमूटपणे गायब. गिटहबच्या चेक्स एपीआयला (तपासणीचे निकाल कोडने पाठवायच्या दाराला) एका रिक्वेस्टमध्ये ५० चालतात, त्यापुढचे पुढच्या रिक्वेस्टमध्ये. शिवाय ईएसलिंटच्या जेसनमध्ये फाइलींचे पत्ते रनरच्या मुळापासून लिहिलेले असतात. रेपोपर्यंतचा (प्रकल्पाच्या फोल्डरपर्यंतचा) भाग छाटला नाही, तर ॲनोटेशन योग्य ओळीवर बसतच नाही.

दर पुशला नवी कॉमेंट टाकणाऱ्या बॉटबद्दल मी सभ्य भाषेत लिहू शकत नाही. कॉमेंटमध्ये एक अदृश्य एचटीएमएल खूण ठेवायची, पुढच्या वेळी ती शोधायची आणि तीच कॉमेंट बदलायची. इथेही मेख आहे: एपीआय डीफॉल्टने एका पानावर ३० कॉमेंट देतो. चर्चा रंगल्यावर बॉटची पहिली कॉमेंट आली, तर ती दुसऱ्या पानावर पडते, त्याला स्वतःचंच बोलणं सापडत नाही आणि तो नव्याने सुरू होतो. सगळी पानं चाळायला लावा.

फोर्कवरून (दुसऱ्याच्या खात्यातल्या रेपोच्या प्रतीवरून) आलेल्या पुल रिक्वेस्टला मिळतो फक्त वाचायचा टोकन (परवान्याची किल्ली), त्यामुळे कॉमेंट टाकताना ४०३, म्हणजे परवानगी नाही. तेव्हा कोणीतरी हुशारीने मूळ रेपोच्या अधिकारांनी चालणारा ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ सुचवतं आणि त्यात फोर्कचा कोड चेकआउट करतं. ईएसलिंटचं कॉन्फिग ही स्वतःच चालणारी जावास्क्रिप्ट फाइल असते, म्हणजे परक्याचा कोड आपल्या किल्ल्यांसह चालवला. त्यापेक्षा लिंट एका वर्कफ्लोमध्ये, निकाल आर्टिफॅक्टमध्ये (जपून ठेवलेल्या फाइलीत), आणि कॉमेंट ‘वर्कफ्लो रन’वर, म्हणजे पहिला संपल्यावर, चालणाऱ्या दुसऱ्या वर्कफ्लोमधून. फोर्कमधून आलेला तो आर्टिफॅक्टसुद्धा फक्त वाचायचा, चालवायचा नाही.

शेवटी कोणाला तरी वाटतंच, बॉटने दोष दाखवण्यापेक्षा सुधारून कमिट का करू नये? करतो की. पण वर्कफ्लोच्या नेहमीच्या टोकनने केलेल्या पुशवर पुन्हा वर्कफ्लो सुरू होत नाही, आणि सक्तीचा चेक त्या नव्या कमिटची वाट बघत लटकतो. ॲपचा वेगळा टोकन दिला की चेक सुरू होतो, आणि मग कळतं की कोडची मांडणी करणारा प्रेटियर ओळ मोडतो, ईएसलिंट ती पुन्हा जोडतो, आणि दोघे रात्रभर एकमेकांवर कमिट करत बसतात. त्यासाठी ईएसलिंट-कॉन्फिग-प्रेटियर असतो. तो कॉन्फिगच्या यादीत सगळ्यात शेवटी लिहायचा, कारण तो स्वतः काहीच तपासत नाही. त्याआधी जे बोलून गेले, त्यांना गप्प करणं एवढंच त्याचं काम.