‘कमी खाता म्हणून वजन अडलंय’ हे खरं नाही

सध्या नाशिकच्या सोसायट्यांच्या, भिशीच्या आणि मॉर्निंग वॉकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: शेवटचे तीन-चार किलो उतरत नसतील तर तुम्ही फार कमी खाताय, उपासमारीच्या भीतीने शरीर चरबी धरून ठेवतंय, म्हणून कॅलरी मोजणं सोडा आणि जास्त खा. जोडीला आणखी तीन गोष्टी आहेत. घरचं जेवण मोजताच येत नाही, रात्री सातनंतरचं थेट पोटावर बसतं आणि द्राक्षं बंद करा.

आहारसल्ल्याचं काम करताना या मेसेजचा परिणाम मला रोज दिसतो. नेटाने आठ-दहा किलो उतरवलेली बाई हे वाचते, नोंदीची वही मिटते आणि महिन्याभरात दोन किलो परत घेऊन येते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘शरीर उपासमारीत जाऊन चरबी धरून ठेवतं.’ याची कसून तपासणी 1944-45 मध्येच अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात झाली. अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे साधारण निम्म्या आहारावर ठेवलं. त्यांचं चयापचय चांगलंच मंदावलं, पण वजन उतरत राहिलं आणि शेवटी मूळ वजनाचा जवळपास चौथा हिस्सा गेला. चयापचय मंदावतं हे खरं, पण त्यामुळे चरबी उतरायची थांबत नाही.

मग शेवटचे किलो का अडतात? समजा, 155 सेंटिमीटर उंचीची चाळिशीतली बाई 68 किलोवरून 58 वर आली. दहा किलो कमी झालेल्या शरीराला रोज साधारण दीडशे कॅलरी कमी लागतात. आधी तिला 1850 लागायच्या, आता 1700. आहार तोच 1450 असेल तर रोजची तूट 400 वरून 250 वर आली. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी असतात. म्हणजे आता आठवड्याला फार तर सव्वादोनशे ग्रॅम उतरणार, तेही हिशेब अचूक असेल तर. उलट शरीरातलं पाणी एका दिवसात एक-दीड किलो वरखाली होतं. पाळीच्या आधी ते वाढतं, खारट खाल्लं की वाढतं, नवा व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंतही थांबतं. तीन आठवड्यांत जवळपास पावणेसातशे ग्रॅम चरबी गेलेली असते आणि काटा जागचा हललेला नसतो.

सोमवारी सकाळी घाबरून येणारे फोन याच प्रकारातले. रविवारी मळ्यातल्या मिसळीला जाऊन आले, सोमवारी वजन एक किलो जास्त. मिसळीतून एक किलो चरबी होणं शक्यच नाही, त्यासाठी गरजेपेक्षा 7700 कॅलरी जास्त खाव्या लागतील. तो किलो तर्रीतल्या मिठाने आणि पावाच्या पिठाने धरलेल्या पाण्याचा. मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी. दोन पाव, फरसाण, तर्री धरून ती प्लेट अंदाजे साडेसहाशे कॅलरींची होते. वर जिलेबी, दुपारी नेहमीचं जेवण आणि संध्याकाळी मुलांबरोबर पाणीपुरी झाली की आठवड्याच्या 1750 च्या तुटीतला मोठा वाटा त्या एका दिवसात गेला. मिसळ सोडू नका, ती नोंदवा.

‘कॅलरी मोजूनही उतरत नाही, म्हणजे मोजणं निरुपयोगी.’ सर्वांत जास्त नुकसान या वाक्याने होतं. 1992 मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी, 1200 पेक्षा कमी कॅलरी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या माणसांचं खाणं आणि खर्च प्रयोगशाळेच्या पद्धतीने मोजला. त्यांचं चयापचय ठीक होतं. त्यांनी खाणं सरासरी 47 टक्के कमी नोंदवलं होतं आणि हालचाल 51 टक्के जास्त. हा खोटेपणा मानू नका. अंदाज सगळ्यांचाच असा चुकतो आणि तूट अडीचशेची असेल तिथे तो पूर्ण तूट खाऊन टाकतो.

आपल्या स्वयंपाकघरात हा अंदाज बहुतेकदा तेलात चुकतो. वहीत लिहिलेलं असतं, ‘भाजी 1 वाटी, तेल 1 चमचा’. एक काम करा. सकाळी तेलाची किटली वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहा आणि रात्री ओटा आवरताना पुन्हा लिहा. चार माणसांच्या घरात 160 ग्रॅम गेलं, तर माणशी 40 ग्रॅम, म्हणजे 360 कॅलरी झाल्या. दिवसाला दोन चमचे, म्हणजे 10 ग्रॅम लिहिलेले असतील तर 270 कॅलरी वहीच्या बाहेर राहिल्या. फोडणीचं तेल, पोळीला लावलेलं, वांग्याच्या भाजीवर तरंगणारं, सगळं त्यात आलं. शिवाय कूट टाकताना तोंडात गेलेले दाणे, मुलांच्या ताटातला उरलेला घास आणि चहाची साखर कुणी लिहीतच नाही.

‘घरचं जेवण मोजता येत नाही.’ येतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये 528 भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केलेत, त्यात आपली ज्वारी, बाजरी, मटकी सगळं आहे. डाळ, पीठ, तेल कच्चं असतानाच वजन करा. भाजी शिजल्यावर अख्ख्या कढईचं वजन घ्या, रिकाम्या कढईचं वजा करा आणि आपल्या वाटीत किती आलं ते बघा. जन्मभर नको, दोन-तीन आठवडे पुरतात. तेवढ्यात नजर तयार होते.

सातनंतरच्या जेवणाबद्दल फार लिहायला नको. घड्याळ बघून पोळीतल्या कॅलरी वाढत नाहीत. उशिरा जड जेवल्याने जळजळ होते, झोप बिघडते, म्हणून लवकर जेवणं चांगलंच. पण वजन वाढवतो तो जेवणानंतर टीव्हीसमोर उघडलेला चिवड्याचा डबा.

आणि द्राक्षं! नाशिकमध्ये राहून हंगामात द्राक्षं सोडायला सांगणं मला मुळीच पटत नाही. 100 ग्रॅम द्राक्षांत साधारण 70 कॅलरी. तीच सुकवून बेदाणे केले की 100 ग्रॅमला 300. चार किलोंचा एक किलो होतो, म्हणून बेदाणे ‘हेल्दी’ म्हणत मूठ-मूठ खाण्यापेक्षा ताज्या द्राक्षांची वाटी केव्हाही परवडते. मधुमेह असेल तर मात्र किती खायची ते डॉक्टरांना विचारा.

‘जास्त खा, वजन उतरेल’ या सल्ल्यात घेण्यासारखं एवढंच आहे की कुणी 800-900 कॅलरींवर दिवस काढत असेल तर त्याने आहार वाढवावा. कारण तिथे स्नायू जातात, थकवा येतो आणि शनिवार-रविवारी संयम सुटतो. दमला असाल तर दोन आठवडे तूट न ठेवता वजन टिकेल एवढं खा, पण मोजून. रोजचं वजन न बघता आठवड्याची सरासरी काढा आणि पाळीच्या चौथ्या-पाचव्या दिवसाची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच दिवसाशी करा. महिनाभर अचूक नोंदी ठेवूनही सरासरी हलली नाही, किंवा पाळी अनियमित झाली, केस गळू लागले, थंडी फार वाजू लागली, तर थायरॉइडची तपासणी करून घ्या.

आणि टेप घेऊन कंबर मोजा. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) 23 च्या आत आणि कंबर बायकांची 80, पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या आत असेल, साखर आणि रक्तदाब ठीक असेल, तर 155 सेंटिमीटरच्या बाईने 55 वरून 52 वर येण्यासाठी उपाशी राहायचं वैद्यकीय कारण नाही.